सॉलिडिटी शिकायची तर आधी भिशी लिहा

सॉलिडिटी ही इथेरियम या ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्राम, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, लिहायची भाषा. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या बहुतेक धड्यांत पहिला प्रोग्राम एक आकडा साठवून परत वाचायचा असतो आणि दुसऱ्या दिवशी थेट स्वतःचं टोकन (डिजिटल नाणं) काढायचं असतं. दोन्हींतून सिंटॅक्स हाताखालून जातो. पण पैसे कुणाचे, ते कुणी कधी उचलायचे आणि एखाद्याने दिलेच नाहीत तर काय, हे प्रश्न त्यात कुठेच येत नाहीत. खरं काम तर तिथेच असतं. म्हणून सरावाला भिशी घ्यावी. पाच सभासद, दर फेरीला प्रत्येकाचा सारखा हप्ता, दरवेळी एकाला सगळी रक्कम. नियम आपल्याकडे घराघरात माहीत असतात आणि कोड शंभर ओळींत बसतो.

हा सराव खोट्या ईथरवरच करायचा (ईथर हे इथेरियमचं चलन). खऱ्या पैशांची भिशी हा १९८२ च्या चिट फंड कायद्याचा विषय आहे. क्रिप्टोच्या व्यवहारात झालेल्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तो वेगळाच.

कुठल्याही एका भाषेत व्हेरिएबल, फंक्शन, इफ आणि लूप लिहिता येत असेल तर सुरुवात करायला हरकत नाही. जावास्क्रिप्ट येत असेल तर पुढे वेबसाइट जोडताना सोपं जातं. क्रिप्टोग्राफीचं गणित आत्ता लागत नाही. खाली सॉलिडिटीचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये ते रोमन लिपीत लिहायचे, कारण फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं कंपायलर देवनागरीत घेतच नाही.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

इथेरियमचं जाळं ३० जुलै २०१५ ला सुरू झालं. त्यात व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे गठ्ठ्यांत, एकामागे एक जोडले जातात, म्हणून खाली त्याला साखळी म्हटलं आहे. त्यावरचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे एका पत्त्यावर बसलेला कोड, त्याची साठवण आणि त्याच्या नावावरची शिल्लक. एकदा चढवलेला कोड बदलता येत नाही.

नवशिक्याला सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट अशी की कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून कधीच जागं होत नाही. "दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापून घे" असं त्याला सांगायची सोयच नाही. कुणीतरी व्यवहार पाठवून फंक्शनला हाक मारली तरच ते चालतं, आणि त्याची फी हाक मारणाऱ्याने द्यायची.

फीचा हिशोब गॅसमध्ये, म्हणजे कामाच्या मापात, होतो. साधं ईथर पाठवायला २१,००० गॅस लागतो. साठवणीच्या रिकाम्या कप्प्यात पहिल्यांदा काही लिहायचं तर २२,१०० गॅस लागतो, आणि आधी भरलेल्या कप्प्यातली किंमत बदलायची तर ५,०००. कप्पा ३२ बाइटचा असतो. एका व्यवहाराला ५०,००० गॅस लागला आणि गॅसचा दर २० ग्वेई (एक ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग) असला, तर फी १० लाख ग्वेई, म्हणजे ०.००१ ईथर. एका ईथरमध्ये १ वर १८ शून्यं इतके वेई असतात आणि कॉन्ट्रॅक्टच्या आत सगळा हिशोब वेईमध्येच चालतो. दशांश चिन्ह तिथे नाहीच. टक्केवारी काढताना आधी गुणाकार आणि मग भागाकार करायचा, कारण ५ ला १०० ने भागून मिळालेल्या शून्याला कितीही गुणलं तरी शून्यच राहतं.

रीमिक्स उघडा

पहिले पंधरा दिवस काहीही इन्स्टॉल करू नका. रीमिक्स हा एडिटर ब्राउझरमध्येच चालतो. त्यात कंपायलर असतो आणि रीमिक्स व्हीएम नावाची खोटी साखळीही असते. तिथल्या प्रत्येक खात्यात १०० खोटे ईथर आधीच भरलेले असतात. तुमच्या फायली मात्र ब्राउझरच्या साठवणीत राहतात. ब्राउझरचा डेटा साफ केला की त्याही जातात, तेव्हा रोजचं काम उतरवून ठेवा.

कॉन्ट्रॅक्ट्स फोल्डरमध्ये नवी फाइल घ्या. पहिल्या ओळीत परवान्याची कॉमेंट टाका, ती नसेल तर कंपायलर इशारा देत राहतो. दुसऱ्या ओळीत प्रॅग्मा, म्हणजे कंपायलरची आवृत्ती: ०.८ च्या घरातली एक नक्की निवडा. इंटरनेटवरचा जुना कोड उचलताना ही ओळ आधी बघायची. ०.८ च्या आधी बेरीज-वजाबाकी मर्यादेबाहेर गेली तर आकडा गुपचूप गोल फिरून यायचा, म्हणून त्या काळच्या कोडमध्ये सेफमॅथ ही लायब्ररी जागोजागी दिसते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ०.८.० पासून असा व्यवहार आपोआप रद्द होतो आणि सेफमॅथची गरज उरली नाही. वेळेसाठी 'नाऊ' लिहिलेलं दिसलं तर तो कोड ०.७ च्याही आधीचा समजा. आता तिथे ब्लॉक डॉट टाइमस्टॅम्प लिहावं लागतं.

काय काय साठवायचं

भिशीला एवढ्या गोष्टी पुरतात: सभासदांच्या पत्त्यांची यादी (अॅरे), हप्त्याची रक्कम, एका फेरीचा कालावधी, चालू फेरीचा क्रमांक, या फेरीत किती जणांनी भरलं तो आकडा, चालू फेरीची मुदत, आणि तीन मॅपिंग (एका किल्लीवरून तिची किंमत सांगणारी कोष्टकं). पहिलं मॅपिंग पत्त्यावरून सभासद आहे की नाही ते सांगतं. दुसरं, कोणत्या फेरीत कुणी हप्ता भरला. तिसरं, कुणाला किती पैसे येणं आहे. हप्ता आणि कालावधी यांना इम्यूटेबल करा. मग त्या किमती कोडमध्येच कोरल्या जातात आणि वाचायला स्वस्त पडतात.

यादी आणि मॅपिंग दोन्ही कशाला, असं वाटेल. मॅपिंगवर लूप फिरवता येत नाही आणि यादीत एखादा पत्ता शोधायचा तर पूर्ण यादी चाळावी लागते. त्यातून मॅपिंग कधी "नाही सापडलं" असं म्हणत नाही. अनोळखी पत्ता विचारला तरी ते शांतपणे शून्य किंवा फॉल्स देतं.

सभासदांची नावं साठवायचा मोह होईल. तो आवरा, पण आधी एकदा करून बघा, कारण मराठी अक्षरांची किंमत त्यातून कळते. साध्या अवतरणचिन्हांत देवनागरी लिहिली तर कंपायलर लगेच अडवतो. मजकुराच्या आधी 'युनिकोड' हा शब्द जोडावा लागतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, वेलांटी, पायमोड ही सगळी स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. 'सुमन' म्हणजे स, उकार, म, न. चार चिन्हं, १२ बाइट. ३१ बाइटपर्यंतचा मजकूर एकाच कप्प्यात मावतो, त्यामुळे सुमन निभावते. 'सावित्रीबाई'मध्ये ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. मग एक कप्पा लांबीसाठी आणि दोन मजकुरासाठी लागतात, आणि २२,१०० चा खर्च ६६,३०० वर जातो. नावं वेबसाइटवर ठेवा, साखळीवर पत्ते पुरेत.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. व्हेरिएबलला प्रायव्हेट म्हटलं म्हणजे ते गुप्त झालं असं नाही. दुसरं कॉन्ट्रॅक्ट ते वाचू शकत नाही, एवढंच. साखळीवरचा कुठलाही कप्पा बाहेरून कुणालाही वाचता येतो. पासवर्ड तिथे ठेवायचा नसतो.

तीन फंक्शन आणि त्यांतल्या ओळींचा क्रम

कन्स्ट्रक्टर (कॉन्ट्रॅक्ट चढवताना एकदाच चालणारं फंक्शन) सभासदांची यादी, हप्ता आणि कालावधी घेतो आणि पहिल्या फेरीची मुदत ठरवतो. यादीत दोनपेक्षा कमी किंवा वीसपेक्षा जास्त पत्ते असतील तर नकार द्या. शून्य पत्त्याला नकार द्या. तोच पत्ता दोनदा आला तरी नकार द्या. ही शेवटची तपासणी राहिली तर भिशी कायमची अडकते: यादी पाचची, भरू शकणारे चौघंच, आणि फेरी कधीच पुरी होत नाही.

'हप्ताभरा' हे फंक्शन पेयेबल हवं, नाहीतर पैसे आत येणारच नाहीत. सुरुवातीला रिक्वायरच्या, म्हणजे अट पुरी नसेल तर व्यवहार रद्द करणाऱ्या, ओळी लिहा: भिशी अजून चालू आहे, पाठवणारा (एमएसजी डॉट सेंडर) सभासद आहे, आलेली रक्कम (एमएसजी डॉट व्हॅल्यू) बरोबर हप्त्याइतकी आहे, या फेरीत त्याने आधी भरलेलं नाही. रक्कम "हप्ता किंवा जास्त" अशी ठेवली तर जास्तीचे पैसे कुणाच्याच नावावर लागत नाहीत आणि आतच पडून राहतात. तपासण्या झाल्या की नोंद करा, आकडा एकने वाढवा. आकडा सभासदसंख्येइतका झाला तर यादीतल्या ज्याची पाळी आहे त्याच्या 'येणं' खात्यात पूर्ण रक्कम मांडा, आकडा शून्यावर आणा, फेरी पुढे सरकवा, नवी मुदत लावा. बाकी चौघांपेक्षा शेवटी भरणाऱ्याला थोडी जास्त फी पडते, कारण फेरी फिरवायचं काम त्याच्या व्यवहारात होतं.

इथे रक्कम थेट पाठवून का टाकत नाही? ज्याला पाठवायची तो पत्ता माणसाचा असेल असं नाही, दुसरं कॉन्ट्रॅक्टही असू शकतं, आणि त्याने पैसे घ्यायला नकार दिला तर शेवटच्या सभासदाचा हप्ताही रद्द होतो. एकाच्या अडेलपणाने सगळी भिशी ठप्प. म्हणून रक्कम नावावर मांडायची आणि ज्याची त्याने 'पैसेकाढा' म्हणून उचलायची.

पैसेकाढामध्ये चार पायऱ्या असतात. येणं वाचा. शून्य असेल तर नकार द्या. येणं शून्य करा. मग 'कॉल'ने पैसे पाठवा आणि ते गेले का हे तपासा. तिसरी आणि चौथी यांची अदलाबदल केली तर काय होतं ते खाली येईलच.

चालवून बघताना हमखास अडतं ते

डिप्लॉयच्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट चढवायच्या, पॅनेलमध्ये पत्त्यांची यादी चौकटी कंसात आणि प्रत्येक पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत द्यायचा. हप्ता एक ईथर ठेवायचा असेल तर कन्स्ट्रक्टरला १ वर १८ शून्यं द्या. तिथे नुसता १ टाकला तर हप्ता एक वेई ठरतो, आणि मग कुणी एक ईथर भरायला गेला की "रक्कम चुकली" म्हणून परत येतो. वर व्हॅल्यूच्या चौकटीशेजारी एककाची यादी असते आणि ती मुळात वेईवर असते. ती ईथरवर आणायला विसरलात की याच चुकीचा उलटा अवतार भेटतो.

बटणांचे रंग लक्षात ठेवा. निळं बटण नुसतं वाचतं आणि फी घेत नाही. नारिंगी साठवण बदलतं. लाल पैसे घेतं. हप्ताभराचं बटण नारिंगी दिसत असेल तर पेयेबल लिहायचं राहिलं आहे. व्हॅल्यूत १ ईथर तसंच ठेवून पैसेकाढा दाबलं तर व्यवहार पडतो, कारण ते फंक्शन पैसे घेत नाही.

खातं बदलत पाचही जणांचे हप्ते भरा आणि पहिल्या सभासदाला पाच ईथर काढू द्या. मग मुद्दाम वाकडं वागा: दोनदा भरा, सहाव्या खात्यातून भरा, पाळी नसताना पैसे काढा. प्रत्येक वेळी तुम्ही रिक्वायरमध्ये लिहिलेला संदेश खाली टर्मिनलमध्ये लाल अक्षरांत दिसायला हवा.

पाचव्याने भरलंच नाही तर

वरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मोठं भोक आहे आणि ते सिंटॅक्समध्ये दिसत नाही. चौघांनी भरलं, पाचवा गायब झाला. फेरी पुरी होत नाही, चार ईथर आत अडकले, आणि ते बाहेर काढायचा रस्ता कोडमध्ये लिहिलेलाच नाही. कॉन्ट्रॅक्टला कुणाच्या दारात जाऊन बसता येत नाही.

त्यासाठी 'भिशीमोडा' लिहा. मुदत उलटली असेल तर ते कुणालाही चालवता येईल. पुढच्या हप्त्यांना ते बंदी घालेल आणि चालू फेरीत ज्यांनी भरलं त्यांचा हप्ता त्यांच्या येणं खात्यात परत मांडेल. त्यात यादीवर लूप फिरतो, आणि कन्स्ट्रक्टरमधली वीस जणांची मर्यादा याचसाठी होती. यादी बेसुमार वाढली तर लूपचा गॅस एका ब्लॉकमध्ये मावणाऱ्या गॅसच्या मर्यादेबाहेर जातो आणि फंक्शन कायमचं निकामी होतं. मुदतीनंतर हप्ता घ्यायचाच नाही, की कुणी भिशी मोडेपर्यंत उशिराचा हप्ताही चालवून घ्यायचा, हे तुम्ही ठरवा. दोन्ही चालतं, फक्त नियम आधी कागदावर लिहून मग कोडमध्ये आणा.

एवढ्याने चालू फेरी वाचते. पहिल्या फेरीत पाच ईथर उचलून दुसरीत पळालेल्याचं काय? त्याने भरला एक, घेतले पाच, देणं राहिलं चार. उपाय म्हणून अनामत घ्यायला जा आणि हिशोब मांडा: पहिल्याकडून चार, दुसऱ्याकडून तीन, मग दोन, एक, आणि शेवटच्याकडून काही नाही. म्हणजे पहिला सभासद चार अनामत आणि एक हप्ता असे पाच भरून पाचच उचलणार. त्याला भिशीचा उपयोग काय उरला? भिशी हे ओळखीवर दिलेलं कर्ज असतं, आणि कॉन्ट्रॅक्टची कुणाशीच ओळख नसते. साखळीवरच्या कर्जाच्या बहुतेक योजना कर्जापेक्षा जास्त किमतीचं तारण का मागतात, ते इथे हाताने केलेल्या बेरजेतून कळतं. अनामतीची आवृत्ती जरूर लिहा, चांगला सराव आहे, पण पहिल्या आठवड्यात नको.

चिठ्ठी काढून नंबर ठरवायचा विचारही सध्या बाजूला ठेवा. साखळीवर सगळं उघडं असतं, त्यामुळे ब्लॉकच्या वेळेवरून किंवा तशाच कुठल्या आकड्यावरून काढलेली चिठ्ठी फसवता येते. समजा शेवटच्या हप्त्याबरोबर चिठ्ठी निघते. शेवटचा सभासद स्वतः एक कॉन्ट्रॅक्ट असेल तर तो हप्ता भरेल, त्याच व्यवहारात निकाल बघेल आणि नंबर लागला नसेल तर पूर्ण व्यवहार रद्द करून पुढच्या ब्लॉकमध्ये पुन्हा प्रयत्न करेल. गेली ती फक्त फी. खरी चिठ्ठी हवी तर चेनलिंक व्हीआरएफसारखी, अंदाज न बांधता येणारे आकडे देणारी बाहेरची सेवा जोडावी लागते. यादीतल्या क्रमाने पाळी लावणं नवशिक्याला पुरे.

आता स्वतःचीच भिशी लुटा

पैसेकाढाची एक बिघडलेली आवृत्ती करा: आधी पैसे पाठवा, मग येणं शून्य करा. दुसऱ्या फाइलमध्ये 'चोर' नावाचं कॉन्ट्रॅक्ट लिहा. त्यात हप्ता भरायचं एक फंक्शन, पैसे काढायचं एक, आणि ईथर आलं की आपोआप चालणारं 'रिसीव्ह'. रिसीव्हमध्ये एवढंच: भिशीच्या पत्त्यावर अजून पाच ईथर किंवा जास्त असतील तर पैसेकाढाला पुन्हा हाक. भिशीचा पत्ता चोराला नंतर देता येईल अशी सोय ठेवा, कारण चोर आधी चढवावा लागतो आणि त्याचा पत्ता सभासदांच्या यादीत पहिला टाकून मग भिशी चढवायची असते.

पहिली फेरी पुरी करा, पण चोराला पैसे काढू देऊ नका. आत पाचच ईथर आहेत आणि ते त्याचेच आहेत. दुसरी फेरीही पुरी होऊ द्या. आता आत दहा आहेत, पाच चोराचे आणि पाच दुसऱ्या सभासदाचे. चोराने पैसे काढले की भिशी पाच पाठवते, रिसीव्ह जागं होतं, पुन्हा पैसेकाढा म्हणतं. येणं अजून शून्य झालेलं नाही, म्हणून आणखी पाच जातात. शिल्लक शून्य. दुसरा सभासद येऊन बघतो तर नावावर पाच ईथर आहेत आणि तिजोरी रिकामी.

यात दोन बारकावे आहेत. रिसीव्हमधली शिल्लक तपासायची अट काढली तर चोरी फसते. तिसऱ्या हाकेला आत पैसेच नसतात, ती हाक पडते आणि तिच्याबरोबर आधीच्या दोन्हीही उलटतात. दुसरं म्हणजे, "येणं शून्य कर" ऐवजी "येण्यातून रक्कम वजा कर" असं लिहिलं असेल तर ०.८ मध्ये चोरी जमत नाही. आतल्या हाकेने येणं शून्य केलेलं असतं आणि बाहेरची हाक त्यातून पुन्हा पाच वजा करायला जाते, म्हणून सगळा व्यवहार रद्द होतो. पण हा नशिबाचा भाग झाला, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. क्रम सरळ करा आणि वर ओपनझेपेलिन या तयार कोडच्या लायब्ररीतला रीएन्ट्रन्सीगार्ड (फंक्शन संपण्याआधी त्याला पुन्हा हाक मारू न देणारं कुलूप) लावा.

या चुकीला रीएन्ट्रन्सी म्हणतात. जून २०१६ मध्ये 'द डाओ' नावाच्या निधीतून याच वाटेने सुमारे ३६ लाख ईथर निघाले. ते परत मिळवायला जुलैत साखळीच दुभंगली, आणि जुन्या फांदीचं नाव इथेरियम क्लासिक पडलं.

बटणं दाबून तपासणं पुरेसं नसतं

पाच खाती, पाच फेऱ्या आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवसांत कंटाळा येतो आणि तिसऱ्या दिवशी तपासणी सुटते. म्हणून आता फाउंड्री हे टेस्ट आपोआप चालवणारं साधन इन्स्टॉल करा. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये. हार्डहॅट हे तसंच दुसरं साधनही चांगलं आहे, पण फाउंड्रीत टेस्टही सॉलिडिटीतच लिहितात आणि एका वेळी एकच भाषा शिकलेली बरी. ट्रफल हे जुनं साधन शिकवणारा धडा सापडला तर पुढे जा. त्याचं काम बंद करत असल्याचं सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर झालं आहे.

टेस्टमध्ये 'प्रँक'ने दुसऱ्या सभासदाचं सोंग घेता येतं, 'डील'ने खोटे पैसे देता येतात, 'वॉर्प'ने घड्याळ पुढे नेऊन मुदत उलटवता येते. प्रँकमध्ये एक खाच आहे. ते फक्त पुढच्या एका हाकेला लागू होतं. प्रँकनंतर हप्ताभराला हाक मारताना रक्कम म्हणून तिथल्या तिथे भिशीलाच हप्ता विचारला, तर सोंग त्या विचारण्यातच खर्च होतं आणि हप्ता टेस्टच्या स्वतःच्या पत्त्यावरून जातो. "सभासद नाही" असा संदेश येतो आणि तास दोन तास डोकं खाजवण्यात जातात. हप्ता आधी व्हेरिएबलमध्ये काढून ठेवा.

सगळ्यात कामाची टेस्ट म्हणजे कधीच न मोडणारा नियम: कॉन्ट्रॅक्टची शिल्लक ही सगळ्यांच्या येण्याची बेरीज आणि चालू फेरीत जमलेले हप्ते यांच्याइतकी किंवा जास्त असलीच पाहिजे. भिशीमोडामध्ये भरलेल्यांचा आकडा शून्य करायचा राहिला असेल तर हा नियम ती चूक लगेच दाखवतो, कारण तेच हप्ते दोनदा मोजले जातात. "इतकीच" असं मात्र लिहू नका. सेल्फडिस्ट्रक्ट (कॉन्ट्रॅक्टची शिल्लक दुसऱ्या पत्त्यावर ढकलणारी सूचना) वापरून कुणीही तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये जबरदस्तीने ईथर ढकलू शकतो आणि समानतेची तपासणी तिथे मोडते.

सेपोलियावर चढवताना

सेपोलिया ही सरावाची सार्वजनिक साखळी आहे, तिचा क्रमांक १११५५१११. रॉप्स्टेन, रिंकबी आणि गोर्ली या जुन्या साखळ्या बंद झाल्या आहेत, त्यांची नावं असलेला धडा जुना समजा. वॉलेट (खात्याच्या किल्ल्या सांभाळणारं अॅप) नवीन काढा, तेही ब्राउझरच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये, आणि त्यात खरा पैसा कधीच ठेवू नका. सरावाचं ईथर फॉसेट नावाच्या वेबसाइटवरून फुकट मिळतं, थोडं थोडं. काही फॉसेट आधी मुख्य साखळीवर थोडी शिल्लक मागतात. त्यांना सोडून दुसरा शोधा, पण विकत घेऊ नका. हप्ता ०.००१ ईथर ठेवा आणि कालावधी महिन्याऐवजी दहा मिनिटं. ब्लॉक बारा सेकंदांनी येतो, त्यामुळे बटण दाबल्यावर थोडं थांबावं लागतं. सारखं दाबत राहू नका.

चढवल्यावर इथरस्कॅनवर (साखळीवरचे व्यवहार आणि कोड दाखवणारी वेबसाइट) कोड पडताळून घ्या. कंपायलरची नेमकी आवृत्ती आणि ऑप्टिमायझर चालू होता की बंद, हे दोन्ही जुळलं नाही तर पडताळणी होत नाही. चढवतानाच ते लिहून ठेवा. इथेरियम सोडून दुसऱ्या साखळीवर "इनव्हॅलिड ऑपकोड" आलं तर ती साखळी बहुधा मागे आहे. ०.८.२० पासून कंपायलर पुश-शून्य ही नवी सूचना वापरतो. सेटिंगमध्ये ईव्हीएमची (साखळीवर कोड चालवणाऱ्या यंत्राची) जुनी आवृत्ती, पॅरिस, निवडा.

प्रायव्हेट की (खात्यावर पूर्ण ताबा देणारी गुप्त किल्ली) कधीही कोडमध्ये लिहू नका, आणि गिटहबवर जाणाऱ्या एन्व्ह फाइलमध्ये तर नाहीच. अशा की शोधणारे बॉट सतत फिरत असतात. फाउंड्रीच्या 'कास्ट वॉलेट इम्पोर्ट'ने ती पासवर्डखाली ठेवता येते. अॅन्व्हिल (फाउंड्रीची खोटी साखळी) आणि हार्डहॅट जी तयार खाती देतात त्यांच्या की जगजाहीर असतात, तिथे खरं ईथर पाठवलं तर ते क्षणात जातं. आणखी एक सापळा व्हिडिओंतून फिरतो: "हा कोड रीमिक्समध्ये चिकटवा, थोडं खरं ईथर भरा, बॉट रोज नफा काढेल." चिकटवलेल्या कोडमध्ये पैसे व्हिडिओवाल्याच्या पत्त्यावर पाठवायची ओळ लपवलेली असते. आतापर्यंतचं सगळं केलं असेल तर ती तुमची तुम्हाला सापडेल.

यानंतर टोकनकडे वळा. ओपनझेपेलिनच्या पाचव्या आवृत्तीपासून ओनेबल या मालकी सांभाळणाऱ्या तयार कॉन्ट्रॅक्टच्या कन्स्ट्रक्टरला मालकाचा पत्ता द्यावा लागतो. जुन्या धड्यांतला कोड कंपाइल होत नाही त्याचं हे नेहमीचं कारण. चोरी आवडली असेल तर एथरनॉट खेळा, त्यात एकेक बिघडलेलं कॉन्ट्रॅक्ट फोडायचं असतं. बदलता येणारी कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे प्रॉक्सी, इतक्यात नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी वॉलेटच्या सामाईक लायब्ररीला मालक नेमायचाच राहिला होता. कुणीतरी स्वतःला मालक नेमलं आणि ती नष्ट केली. तिच्यावर विसंबलेल्या वॉलेटांमधले पाच लाखांहून जास्त ईथर तेव्हापासून तसेच अडकून आहेत.